मणक्याचं डीकम्प्रेशन करून घ्यायचंय? मशीनवर झोपायच्या आधी, झोपल्यावर आणि उतरल्यावर काय बघायचं

कंबर नाहीतर मान महिनोन्‌महिने दुखतेय, पायात किंवा हातात कळ जातेय, एमआरआयमध्ये गादी सरकलीय आणि नस दबलीय असं लिहून आलंय, आणि कोणीतरी सांगितलंय की ऑपरेशनच्या भानगडीत पडू नकोस, डीकम्प्रेशन करून घे, अशा माणसासाठी हे लिहितेय. मी फिजिओ आहे, ट्रॅक्शनच्या, म्हणजे मणका ओढून ताणायच्या, टेबलाशेजारी उभं राहून पट्टे बांधणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ह्या मशीनबद्दल जे दोन टोकाचं बोललं जातं ना, एक म्हणजे "गादी परत जागेवर बसते, गॅरंटी" आणि दुसरं म्हणजे "सगळं थोतांड", ते दोन्ही ऐकून आलेले पेशंट किती गोंधळलेले असतात ते रोज बघते. माझं मत असं आहे की योग्य पेशंट निवडला आणि ओढ नीट लावली तर आराम पडतो, पण तो आराम म्हणजे काही तासांची, फार तर काही दिवसांची सवड असते, आणि त्या सवडीत तुम्ही चालणं, व्यायाम, उठबस ह्यात काय बदल करता ह्यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून खाली मशीनइतकंच मशीनच्या आधीचं आणि नंतरचं पण लिहिलंय.

हे नक्की असतं काय

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, पूर्ण पाठीत मिळून २३. गादीचा मधला भाग जेलीसारखा मऊ आणि बाहेरचं कडं चिवट धाग्यांचं. कडं कमजोर झालं की आतला भाग मागच्या बाजूला ढकलला जातो, शेजारून जाणाऱ्या नसेला लागतो आणि तिथे सूज येते, आणि बऱ्याच जणांना दाबापेक्षा ती सूजच जास्त त्रास देते. कमरेत हे बहुतेक वेळा खालच्या दोन पातळ्यांवर होतं, एल४-एल५ आणि एल५-एस१, मानेत सी५-सी६ आणि सी६-सी७ (एल म्हणजे कमरेचे मणके, एस म्हणजे त्याखालचं माकडहाड-जोड हाड, सी म्हणजे मानेचे, आणि आकडा मणक्याचा नंबर).

डीकम्प्रेशनचं टेबल दोन भागांत असतं, खालचा भाग सरकतो. तुम्हाला छातीला एक आणि कमरेला एक पट्टा बांधतात, मोटर हळूहळू ओढते, साधारण मिनिटभर धरते, मग ओढ अर्धी कमी करते, परत ओढते, असं अर्धा तास चालतं. साध्या ट्रॅक्शनपेक्षा फरक इतकाच की ओढ कॉम्प्युटरने कमीजास्त होते, कोन बदलता येतो आणि स्नायूंनी प्रतिकार केला तर बरीच मशीन्स ते ओळखून ओढ सैल करतात. बाकी तत्त्व तेच, आणि ते खूप जुनं आहे, हिप्पोक्रेटिस ह्या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या लिखाणात लाकडी बाकावर माणसाला ताणायची पद्धत दिलेली आहे. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या एफडीए ह्या सरकारी संस्थेने पण ह्या यंत्रांना मोटरवर चालणारं ट्रॅक्शन ह्याच वर्गात क्लिअरन्स दिलंय, आणि क्लिअरन्सचा अर्थ आधीपासून बाजारात असलेल्या यंत्रासारखं हे यंत्र आहे इतकाच होतो, आजार बरा करतं असं सर्टिफिकेट तो नव्हे. जाहिरातीत "एफडीए" हा शब्द मोठ्या अक्षरात दिसला की हे आठवा.

"निगेटिव्ह प्रेशर" हा शब्द पण सगळीकडे ऐकाल. १९९४ ला रामोस आणि मार्टिन ह्या दोघांनी व्हॅक्स-डी नावाच्या टेबलावर पेशंट असताना गादीच्या आत सुई घालून दाब मोजला आणि तो शून्याच्या खाली गेल्याचं दाखवलं, तिथून हा शब्द पसरला. पेशंट अगदी बोटावर मोजण्याइतके होते. आणि ओढ चालू असताना दाब कमी होणं वेगळं, बाहेर आलेला भाग आत जाऊन कायमचा बसणं वेगळं. टेबलावरून उतरून उभं राहिलात की शरीराचं वजन गादीवर परत येतंच.

पुरावा काय सांगतो ते पण माहीत असू द्या कारण पैसे तुमचे जाणार आहेत. २०१३ चा कॉक्रेन रिव्ह्यू, म्हणजे ३२ ट्रायल्स (पेशंटचे गट करून उपचारांची तुलना करणारे अभ्यास) एकत्र करून घेतलेला आढावा, त्यात कंबरदुखीसाठी ट्रॅक्शनने दुखण्यात किंवा कामकाजात फारसा फरक पडत नाही असं निघालं. ब्रिटनच्या नाईस ह्या संस्थेने २०१६ च्या गाइडलाइनमध्ये कंबरदुखी आणि सायटिकाला (कमरेतली नस दबून पायात जाणारी कळ) ट्रॅक्शन देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. त्याच वर्षी १२० पेशंटच्या एका ट्रायलमध्ये मागे वाकायच्या व्यायामासोबत ट्रॅक्शन जोडून पाहिलं, वेगळा फायदा दिसला नाही. मानेचं चित्र थोडं बरं आहे, २०१४ ला ८६ पेशंटच्या ट्रायलमध्ये हातात कळ जाणाऱ्या लोकांना नुसत्या व्यायामापेक्षा व्यायाम अधिक मशीनचं ट्रॅक्शन ह्याने जास्त फायदा झाला होता. कॉम्प्युटरवाल्या टेबलांवरच्या काही छोट्या ट्रायल्समध्ये कमरेला पण फायदा दिसलाय पण त्या छोट्याच आहेत. मग मी हे वापरते तरी कशाला? कारण ट्रायलमध्ये सरासरी निघते आणि माझ्यासमोर एक माणूस असतो, त्याला दोन्ही हातांनी हळूच ओढून बघितल्यावर पायातली कळ तिथल्या तिथे कमी झाली तर त्याला चार-सहा वेळा ओढ देऊन बघणं मला पटतं. हातांनी ओढून काहीच बदललं नाही तर मशीन त्याला देत नाही.

आधी हे बघा, मग अपॉइंटमेंट घ्या

सगळ्यात महत्त्वाचं. लघवी अडकतेय किंवा कळत नाहीये, शौचावरचा ताबा गेलाय, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधीर वाटतंय, पाऊल लटकं पडतंय आणि चालताना घासतंय, ह्यातलं काहीही असेल तर डीकम्प्रेशन विसरा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. ह्यात उद्या बघू असं करायचं नाही, नसांचा गुच्छ दबला असेल तर तासांचा हिशोब असतो. तसंच ताप आणि पाठदुखी एकत्र, कारण नसताना वजन उतरणं, आधी कॅन्सर झालेला असणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याही कुशीवर कमी न होणारं दुखणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, ह्या सगळ्यांना आधी डॉक्टर आणि तपासण्या.

मानेच्या बाबतीत अजून एक, हातातून वस्तू पडतायत, शर्टाची बटणं लावायला जमत नाहीयेत, चालताना तोल जातोय, पाय जड पडतायत, तर दाब नसेवर नसून मज्जारज्जूवर असू शकतो आणि अशा मानेला मशीनने ओढणं धोक्याचं आहे.

ज्यांना हे द्यायचंच नाही ती माणसं म्हणजे मणक्याचं फ्रॅक्चर, मणक्याचा टीबी किंवा दुसरं इन्फेक्शन, गाठ, हाडं खूप ठिसूळ झालेली, मणक्यात स्क्रू-रॉड बसवलेले, नुकतंच पाठीचं किंवा पोटाचं ऑपरेशन, मणका बराच पुढे सरकलेला, पोटातली मुख्य धमनी फुगलेली, आणि प्रेग्नन्सी. संधिवात असलेल्यांची, म्हणजे रूमॅटॉइड वाल्यांची, वरच्या दोन मणक्यांची जागा सैल झालेली असू शकते म्हणून मान ओढायच्या आधी खास एक्स-रे लागतो. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेत असाल, बीपी कंट्रोलमध्ये नसेल, दम्याचा त्रास असेल आणि छातीला पट्टा सहन होत नसेल, बंद जागेत घाबरायला होत असेल, तर ते न विचारता आपणहून सांगा. क्लिनिकमध्ये ही यादी कोणी तुम्हाला विचारलीच नाही आणि थेट टेबलावर झोपवलं तर उठून या, खरंच सांगते.

आणि मग उरतं कोण? ज्याला कंबरेपेक्षा पायात किंवा मानेपेक्षा हातात जास्त दुखतं, जे एका नसेच्या पट्ट्यात बसतं, झोपलं की बरं आणि बसलं की वाढतं, हातांनी ओढून बघितल्यावर कमी होतं, तो माणूस. नुसती आखडलेली कंबर, दिवसभर बसून ठणकणारी मान, टेन्शनने दगड झालेले खांदे ह्यांना डीकम्प्रेशनने काही विशेष मिळत नाही, त्यांना हालचाल पाहिजे. परवाच उसण भरली असेल तरी नको, पहिले काही दिवस शेक, गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि झेपेल तेवढं चालणं पुरतं.

एमआरआयबद्दल थोडं सांगते कारण रिपोर्ट हातात आला की माणूस खचतो. २०१५ ला बऱ्याच अभ्यासांचा एक एकत्र आढावा आला होता, त्यात काहीही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन बघितले तर विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के. म्हणजे रिपोर्टमध्ये "बल्ज" लिहिलंय म्हणून तुमचं दुखणं तिथूनच येतंय असं ठरत नाही, ते तुमच्या लक्षणांशी जुळायला हवं. पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत मुंग्या असतील तर साधारण एल५ नस, करंगळीच्या बाजूला आणि तळव्याला असतील तर एस१, हाताचा अंगठा असेल तर सी६, मधलं बोट सी७. रिपोर्ट डाव्या बाजूची नस म्हणतोय आणि दुखतंय उजवीकडे, तर ओढून काय मिळणार? दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे, बाहेर आलेली गादी बऱ्याचदा शरीर स्वतःच शोषून घेतं, साधारण तीनपैकी दोघांची काही महिन्यांत आकाराने लहान होते, आणि जेवढा मोठा तुकडा बाहेर तेवढी ती शोषली जायची शक्यता जास्त. त्यामुळे दोन महिन्यांच्या कोर्सनंतर स्कॅन सुधारला तर सगळं श्रेय मशीनला देऊ नका.

क्लिनिकमध्ये काय विचारायचं

तपासणी कोण करणार आणि टेबलाशेजारी कोण थांबणार, हा पहिला प्रश्न. माझी कुठली पातळी आणि कुठली नस तुम्ही टार्गेट करताय, हा दुसरा, आणि ह्याचं उत्तर सरळ आलं पाहिजे. तिसरा, सुरुवातीची ओढ किती किलोची ठेवणार. चौथा, किती सेशननंतर आपण थांबून बघणार आणि फरक नसेल तर काय. आणि व्यायाम कोण शिकवणार. पूर्ण कोर्सचं पॅकेज आधी भरा, आज भरलं तर सूट, असा आग्रह झाला तर मी नाही म्हणायला सांगेन, एकेक सेशनचे किंवा फार तर पहिल्या सहाचे पैसे भरा कारण सहा सेशनमध्ये दिशा कळते. विमा असेल तर आधीच लेखी विचारून घ्या, बऱ्याच विमा योजना ह्याला पैसे देत नाहीत, अमेरिकेतली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना तर व्हॅक्स-डी प्रकारच्या उपचाराला कव्हरच देत नाही.

कमरेचं सेशन, पहिल्यापासून

जेवून लगेच जाऊ नका, दीड-दोन तास जाऊ द्या, आणि टेबलावर चढायच्या आधी लघवीला जाऊन या कारण पट्टा नेमका ओटीपोटावर येतो आणि अर्धा तास तसंच पडून राहायचं असतं. कपडे सुती आणि पातळ, गुळगुळीत नायलॉनच्या ट्रॅक पँटवर पट्टा घसरतो आणि मग ओढ मणक्याला न लागता कपड्यालाच लागते. खिशातलं सगळं, कमरेचा बेल्ट, सगळं बाहेर.

पट्टा बांधताना लक्ष द्या, इथेच बरंचसं बिघडतं. कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूला जी हाडाची कड हाताला लागते तिच्या जरा वर बसला पाहिजे, म्हणजे ओढल्यावर तो त्या कडेला अडकेल. खाली मांडीकडे बांधला तर नुसता सरकतो. छातीचा पट्टा खालच्या बरगड्यांवर, काखेत रुतेल इतका वर नको. दोन्ही घट्ट पाहिजेत पण पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, बांधून झाल्यावर एक खोल श्वास घेऊन बघा, नाही घेता आला तर लगेच सांगा, लाजू नका. उताणं झोपवलं असेल तर गुडघ्याखाली मोठी उशी देऊन पाय वाकवलेले असतात, त्याने कंबर सपाट होते. काहींना पालथं झोपल्यावर जास्त बरं वाटतं, ज्यांना मागे वाकल्यावर पायातली कळ कमी होते ते सहसा ह्यातले, तेव्हा ते सांगून बघा. ओढीचा कोन पण बदलतात, अगदी खालच्या पातळीला कमी कोन आणि जसजसं वर जाल तसा थोडा जास्त.

किती किलो? साधारण शरीराच्या वजनाच्या पाव भागापासून सुरुवात करतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १७-१८ किलो, त्यातला बराचसा भाग तर टेबलाशी होणारं घर्षण आणि स्नायूंचा ताण ह्यातच जातो, आणि सहन होईल तसं सेशनगणिक वाढवत फार तर निम्म्या वजनापर्यंत. पहिल्या दिवशी मी मुद्दाम कमी ठेवते, नुसतं शरीराला ओळख व्हावी म्हणून, त्या दिवशी "काहीच जाणवलं नाही" असं पेशंट म्हणाला तरी मला चालतं. जास्त ओढलं की जास्त फायदा हा मोठा गैरसमज आहे, ओढ सोसवेना झाली की पाठीचे स्नायू आवळून धरतात आणि मग तुम्ही मशीनशी भांडत बसता.

तुमच्या हातात एक स्विच देतात, दाबला की ओढ बंद. तो चालतो का ते सुरू व्हायच्या आधी दाबून बघा, प्रत्येक वेळी. मधे खोकला किंवा शिंक येईलसं वाटलं तर स्विच दाबा, ओढ चालू असताना जोरात शिंकलं तर कंबर चमकते.

ओढ लागत असताना काय वाटायला हवं? कमरेत ताण, रुंद ओढल्यासारखं, सुखद असलं तर उत्तमच. पायातली कळ तशीच राहिली किंवा कमी झाली तर ठीक. कळ वाढून खाली उतरायला लागली, नवीन जागी मुंग्या आल्या, पाय गार किंवा बधीर वाटला तर थांबवायचं. आणि शेवटी ओढ हळूहळू सोडली गेली पाहिजे, निदान दोन-तीन मिनिटं लावून, एकदम सोडली तर कंबर अशी काही धरते की उठता येत नाही. पट्टे काढल्या काढल्या उठायचं नाही, पाच मिनिटं तसंच पडून राहायचं, मग कुशीवर वळून, हाताने रेटा देत, पाय खाली सोडत उठायचं. सरळ पोटातून उठाल तर अर्ध्या तासाचं काम तिथेच वाया.

मानेसाठी

मानेला ओढ खूपच कमी लागते, डोकंच मुळात साडेचार-पाच किलोचं असतं. उताणं झोपून चार-पाच किलोपासून सुरुवात आणि दहा-बाराच्या वर सहसा जायची गरज पडत नाही. मान थोडी पुढे वाकलेली, १५ ते २५ अंश, खालच्या पातळ्यांना हा कोन मानवतो. पट्टा किंवा क्लॅम्प डोक्याच्या मागच्या हाडाखाली बसला पाहिजे, हनुवटीवर सगळा भार येत असेल तर जबडा दुखतो, दातांवर दात दाबले जातात, आणि ज्यांचा जबड्याचा सांधा आधीच वाजतो त्यांना तर हनुवटीचा पट्टा नकोच. चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, मळमळ, बोलताना जीभ जड, ह्यातलं काहीही झालं तर लगेच स्विच, आणि त्यानंतर मानेला ओढ नाही, आधी डॉक्टर.

उतरल्यावरचे दोन तास

गादीला प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, पाणी आणि पोषण आजूबाजूच्या हाडातून झिरपत येतं, आडवं पडल्यावर ती पाणी ओढून फुगते, म्हणून तर सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त असते. फुगलेली गादी वाकण्याला जास्त नाजूक असते. सकाळी उठल्यावर पहिला तास वाकणं टाळा असं आम्ही सांगतो ते ह्याचसाठी, आणि सेशननंतर पण तेच, दोन तास खाली वाकणं नाही, वजन उचलणं नाही, घसरून सोफ्यात बसणं नाही. घर लांब असेल तर मधे उतरून चार पावलं चाला.

पण पडून पण राहायचं नाही. टेबलावरून उतरल्यावर आधी पाच-दहा मिनिटं सपाट जागी चालायचं, मग तुमच्या दिशेचे व्यायाम. ज्यांना मागे वाकून बरं वाटतं त्यांनी पालथं पडणं, मग कोपरावर उठणं, मग हात सरळ करून छाती वर, कंबर सैल सोडून, दहा वेळा. ज्यांची नस जाण्याची जागा वयाने अरुंद झालीय, जे चालून थकतात आणि पुढे वाकून बसल्यावर बरे होतात, त्यांना हे नको, त्यांनी उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. मानवाल्यांनी हनुवटी आत ओढणं, पाठीमागे खांद्याची पाती जवळ आणणं. घरी रोज, सेशन नसलेल्या दिवशी सुद्धा. चालणं दोन-तीन वेळा थोडं थोडं, कळ खाली उतरायच्या आत थांबायचं.

दुखणं वर सरकणं हा फार महत्त्वाचा इशारा आहे आणि तो उलटा वाचला जातो. एक काका चौथ्या सेशनला आले ते चिडूनच, म्हणाले अहो मॅडम पोटरीत दुखत होतं ते ठीक होतं, आता बसायच्या जागेला आणि कमरेत इतकं दुखतंय की तुमच्या मशीनने वाढवून ठेवलंय. मी त्यांना टेबलाच्या कडेला बसवून पाय सरळ करायला लावला, आधी अर्ध्यात अडकायचा तो आता जवळजवळ पूर्ण सरळ झाला, पोटरीत हात लावला तर तिथे काही नाही. काका, दुखणं वर चढतंय, पायातून कमरेकडे येतंय, हे आपल्याला हवंच होतं म्हटलं. कंबर जास्त दुखली तरी चालेल पण पाय मोकळा होत असेल तर दिशा बरोबर आहे. ह्याच्या उलट, कंबर बरी वाटतेय पण मुंग्या आता पावलापर्यंत गेल्यात, तर ओढ थांबवा, मग पेशंटला कितीही हलकं वाटत असू दे.

सेशननंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत अंग आंबल्यासारखं होणं ठीक आहे, विशेषतः पहिल्या दोन-तीन वेळा.

किती सेशन आणि कधी थांबायचं

क्लिनिक साधारण १५ ते २४ सेशन सांगतात, चार ते सात आठवड्यांत, सुरुवातीला आठवड्यात तीन-चार वेळा आणि मग कमी. मी सहा सेशनला थांबून मोजते. मोजायचं काय, तर एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा, किती मिनिटं बसवतं, किती मिनिटं चालवतं, आणि दुखणं कुठपर्यंत जातं. ० ते १० मधला आकडा पण लिहा पण त्यावर फार विसंबू नका, झोप झाली नाही की तो वाढतो. शिवाय आठवड्यातून एकदा भिंतीला हात लावून टाचांवर चालून बघा आणि मग चवड्यांवर, दुखऱ्या बाजूला जमेनासं झालं तर ताकद जातेय, मग सेशन नाही, सर्जनची अपॉइंटमेंट.

सहा सेशनमध्ये बसणं-चालणं दोन्ही वाढलं, दुखणं वर सरकलं, तर पुढे जा आणि व्यायाम वाढवत ओढीचे दिवस कमी करा. टेबलावर असताना मस्त आणि घरी पोचेपर्यंत जैसे थे, असं सहाही वेळा झालं तर अजून दहा केल्याने ते बदलेल असं मला नाही वाटत. तिथे पैसे आणि वेळ व्यायामाच्या चांगल्या फिजिओकडे घालवा.

घरी वापरायची साधनं बाजारात खूप आहेत. दाराला लटकवायचं मानेचं ट्रॅक्शन, हवा भरायची कॉलर, उलटं लटकायचं टेबल. कॉलर आणि दारवालं फिजिओकडून एकदा बसवून, वजन ठरवून मगच वापरा. उलटं लटकायचं टेबल मात्र बीपी, काचबिंदू, हृदयाचा त्रास असलेल्यांनी अजिबात नको कारण उलटं झाल्यावर बीपी आणि डोळ्यातला दाब दोन्ही वाढतात, आणि एकट्याने घरात असताना तर कोणीच नको.

इतकं करून सहा-आठ आठवड्यांत पायातली कळ हटलीच नाही तर सर्जनला भेटण्यात काही हरल्यासारखं नाहीये. २००७ ला नेदरलँड्समधल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये सायटिकाच्या पेशंटपैकी लवकर ऑपरेशन झालेल्यांना लवकर आराम पडला, थांबलेल्यांना उशिरा, पण वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. म्हणजे ताकद जात नसेल तर थांबायलाही हरकत नाही आणि सोसवत नसेल तर ऑपरेशन करायलाही. भेटायला जाताना ती वही, एमआरआयचा नुसता रिपोर्ट नव्हे तर फिल्म पण, आणि किती सेशन किती किलोने झाले त्याची क्लिनिककडून लेखी नोंद सोबत न्या, शेवटची नोंद बरेच जण मागतच नाहीत आणि मग सर्जनला सगळं अंदाजाने विचारावं लागतं.